दुसऱ्या सहीच्या आधी

राजोडी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय टिफनी,

पप्पाचा तुला आशीर्वाद. तिकडची थंडी उतरणीला लागली असेल, आणि नसली तरी तू अंगावर पुरेसं घालत असशील, असं धरून लिहायला बसलो आहे. मी बरा आहे. बीपीची गोळी सकाळी घेतो. दुपारचं जेवण बहुतेक वेळा पलीकडून कृष्णाची जयवंती पाठवते, त्यामुळे तीही चिंता नाही.

पत्र पाहून दचकू नकोस. आणखी कुणाला काही झालेलं नाही. शाळेतून निवृत्त होताना आणलेल्या पुरवण्या कपाटात पडून होत्या, त्यांच्यावरच लिहितोय. डाव्या हाताला समास सोडलेला दिसेल. ती सवय आहे, जात नाही.

वाडीची खबर अशी की राजेळीचे घड यंदा भरलेले आहेत. सुकेळी करायला कृष्णाने त्याची आणि आपली केळी एकत्रच वाळत घातली. मम्मी असती तर तिने हे होऊ दिलं नसतं. कृष्णाची सुकेळी काळी पडतात असं ती त्याच्या तोंडावर सांगायची, आणि तो म्हणायचा, "रेजिनाबाय, तुमची गोरी हायत पन गोड कुठे हायत?" बावखलात पाणी बऱ्यापैकी आहे. वर शेवाळ साचलं आहे. तिकडच्या लोकांना बावखल म्हणजे काय हे तू कसं सांगतेस कोण जाणे. दोन वाड्यांच्या मधलं छोटं तळं, अर्धं त्यांचं, अर्धं आपलं, एवढंच. दर उन्हाळ्यात दोन्ही घरं मिळून गाळ काढतात. यंदा तो विषय अजून कुणी काढलेला नाही.

शनिवार-रविवारी रिसॉर्टच्या गाड्या आपल्या कुंपणापर्यंत लागतात. काल एकाने काच खाली करून विचारलं, "अंकल, बीच किधर है?" लाटांचा आवाज त्यालाही येत होता. मी हात केला.

फोनवर आपण दर रविवारी बोलतो, पण हल्ली तू हवामान सांगतेस आणि मी केळी सांगतो. मी दुसरं काही विचारलं की तुझा कामावरचा मालक हाक मारतो. म्हणून पत्र. पत्रात मधे कुणी हाक मारत नाही.

मम्मीचा महिन्याचा मिस्सा झाला. फादरांनी तुझं नाव घेतलं, "परदेशी असलेली कन्या" असं. लोक मला भेटून म्हणाले, मास्तर, तुम्ही खंबीर आहात. खंबीर वगैरे काही नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर तो आपला वाटत नाही. तसं आहे. दुखत नाही. कधी उतरेल ते डॉक्टर सांगतात, इथे सांगणारं कुणी नाही.

मम्मी गेली त्या दुपारी फादरांनी विचारलं होतं, "टिफनीसाठी थांबायचं ना?" आपल्याकडे थांबतातच. इस्रायलहून, कुवेतहून, कुठूनही पोरं येईपर्यंत शवागारात ठेवतात, गावाला त्याची सवय आहे. तू मला फोनवर सांगितलं होतंस की पासपोर्ट नवीन करायला दिला आहे, मिळायला वेळ लागेल. मी फादरांना म्हणालो, नको थांबायला.  का ते कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. कुणी विचारलंच नाही, ते जड गेलं.

तू दफनविधी मोबाइलवर पाहिलास असं म्हणालीस. चर्चचा कॅमेरा वेदीच्या उजव्या बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे शवपेटीच्या डाव्या बाजूला खांदा कुणी दिला ते तुला दिसलं नसेल. पुढे कृष्णा होता.

आता मिस्साहून आलेली मंडळी भेटायला येतील. उरलेलं नंतर लिहितो.

मंगळवार

परवाच्या पानांवरून नजर फिरवली. इकडचं-तिकडचं बरंच लिहिलं आहे. आज मुद्द्याचं लिहितो.

गेल्या महिन्यात सॅमी आला होता. वसईत ऑफिस आहे तो, व्हिसाची कामं करणारा. नवा शर्ट, हातात दोन फोन. आधी मम्मीच्या फोटोसमोर उभा राहिला, क्रूस केला, मग बसला.

"आंटी खूप चांगल्या होत्या, अंकल. मला नेहमी म्हणायच्या, सॅमी जेवून जा." मग म्हणाला, "एक छोटं काम होतं. टिफनीच्या केससाठी."

"कसली केस?"

"म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं नाय?"

त्याने सांगितलं. घरी परतले तर जिवाला धोका आहे असं लिहून देऊन तू कॅनडाच्या सरकारकडे आश्रय मागितला आहेस, आणि म्हणून तुझा पासपोर्ट त्यांच्याकडे जमा आहे, हे मला असं कळलं. तुझं कामाचं परमिट संपत होतं, सॅमीने ठरवलेल्या नोकरीचे कागद आलेच नाहीत, तेव्हा त्यानेच हा मार्ग काढला, हेही कळलं. तो अभिमानाने सांगत होता. आता एप्रिलमध्ये सुनावणी आहे आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र लागलं तर केस पक्की होईल.

मी विचारलं, "धोका कुणापासून?"

त्याने कागद पुढे सरकवला. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, अंकल. सगळे असंच लिहितात. फॉरमॅट आहे. स्टोरी स्ट्राँग पाहिजे, नाहीतर तिकडे कोण विचारत नाही."

इंग्रजीत तीन पानं. शेजारी कृष्णा आणि त्याचा मुलगा विघ्नेश यांनी आपण ख्रिस्ती आहोत म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं धमक्या दिल्या, पाणी तोडलं, पोलिसांत तक्रार करूनही दाद मिळाली नाही, आणि तू गावी परतलीस तर ते तुला सोडणार नाहीत. पुराव्यादाखल मम्मीने चौकीत केलेली एन.सी., ती अदखलपात्र तक्रार, जोडली आहे.

ती एन.सी. तुला पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण त्या कागदात ती मला ओळखू आली नाही. त्या उन्हाळ्यात कृष्णाने बावखलातला गाळ काढून आपल्या बाजूला टाकला. आपली पाळी होती, त्याने आठवण ठेवली नाही. मम्मीच्या अबोलीचा वाफा गाडला गेला. मम्मी छत्री घेऊन पोलीस चौकीत गेली आणि तक्रार नोंदवून आली. आपल्या दोन वाड्यांत असं कोण गेलेलं नाही? आंब्याच्या फांदीवरून, कोंबड्यांवरून, बांधावरून, प्रत्येक कपाटात एखादी एन.सी. निघेल. कृष्णालाही चौकीत बोलावलं. हवालदाराने दोघांना चहा पाजला. परत यायला राजोडीची एकच रिक्षा उभी होती, तिच्यात दोघं बसून आले आणि वाटभर भांडले. उतरताना मम्मी म्हणाली, "उद्या संध्याकाळी गाळ उचल, आणि जयवंतीला घेऊन जेवायला ये." तू तेव्हा शाळेत होतीस. नाताळात हा प्रसंग तू दोघांच्या नकला करून दाखवायचीस. सगळ्यात जास्त कृष्णाच हसायचा.

दोन वर्षांपूर्वी तू मम्मीकडे त्या एन.सी.चा फोटो मागितलास. मम्मीला वाटलं तुला आठवण आली. तिला फोटो नीट काढता येईना, म्हणून तिने कुंपणावरून विघ्नेशला हाक मारली. त्यानेच तो कागद स्कॅन करून तुला पाठवला. खाली हसण्याची चित्रंही टाकली होती.

सॅमी गेल्यावर मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "पप्पा, फक्त सही करा, प्लीज. बाकी काही विचारू नका." आणि रडलीस. मी बरं म्हणालो.

मग मी काय केलं ते ऐक. लाल पेन घेतलं आणि ती तीन पानं तपासली. क्रियापदं चुकली होती, ती सुधारली. एके ठिकाणी आपल्या गावाचं नाव चांदीप असं पडलं होतं. कुणा दुसऱ्या घरासाठी केलेला मजकूर असणार, बदलायचा राहिला. मी त्याच्यावर काट मारून वर राजोडी लिहिलं. हे करताना मला काहीच वाटत नव्हतं. वहीतला निबंध तपासावा तसं. संपल्यावर सही करायला पेन बदलून निळं घेतलं, टोपण उघडलं. सहीची जागा शेवटच्या पानावर होती, आणि तिथपर्यंत जाताना शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. तेव्हा टोपण लावलं. त्या परिच्छेदाचं पुढे लिहीन.

दुसऱ्या दिवशी बसने नालासोपाऱ्याला आणि तिथून आचोळ्याला गेलो. ज्ञानदा तुला आठवते का? माझ्या वर्गात होती, पहिल्या बाकावर बसायची, सारखी हात वर. आता वकील आहे. मिठाईच्या दुकानावर माडीवर ऑफिस आहे, जिना चढताना तुपाचा वास येतो. मला बघून उभी राहिली.

"सर, वाटणीचं काम आहे का?"

यावरूनच बघ. आपल्याकडे वकील म्हणजे वाटणी, सातबारा, भावाभावांतली बोलणी बंद होणं. घरात काही वाईट झाल्याशिवाय आपण त्याची पायरी चढत नाही. परदेशी जायचं असलं की विचारायचं कुणाला, तर जो आपल्या चर्चला येतो, आपल्या घरी जेवतो, त्याला. तू मला आधी विचारलं असतंस तर मीही तुला सॅमीकडेच पाठवलं असतं. हे मी ज्ञानदालाही सांगितलं.

तिने तिन्ही पानं वाचली. लाल खुणांवर बोट फिरवलं.

"हे तुम्ही तपासलंत?"

"हो."

"सर, तुम्ही खोटं शुद्ध करून आणलंय."

ती हसली नाही, मीही नाही. मग तिने चहा मागवला आणि मला सांगायला सुरुवात केली. मधे मधे मी टिपून घेत होतो, ते पाहून म्हणाली, "आता तुम्ही पहिल्या बाकावर." 

पहिलं तिने हे सांगितलं की हा तिचा विषय नाही, आणि असता तरी तिथल्या कामाला ती चालत नाही. तिथे तुझ्या वतीने बोलायचं तर तिथला परवाना लागतो. वकील असो की सल्लागार, नाव नोंदलेलं असतं आणि ते कुणालाही शोधून पाहता येतं. आधी नाव शोधायचं, मग फोन करायचा. "सॅमीचं नाव शोधा म्हणावं तिला," ती म्हणाली. "सापडलं तर मला कळवा."

मी विचारलं, "वकील करायची वेळ आता गेली का?"

"वेळ होती पहिली सही करायच्या आधी. परमिट संपत आलं तेव्हा, नोकरीचे कागद आले नाहीत तेव्हा. ती गेली. आता दुसऱ्या सहीच्या आधी आहे. तुमच्या."

मी म्हणालो, "आणि वकिलाने उलटं तिलाच पकडून दिलं तर?"

"सर, वकिलाला सांगितलेलं वकिलापाशी राहतं. तिकडेही तसंच आहे. पण तिने सगळं सांगायला हवं. अर्धं सांगून आलेला माणूस आम्हाला ओळखू येतो, मग आम्हीही अर्धंच काम करतो."

तिचं म्हणणं असं की तू दोन-तीन वकिलांशी बोलावंस आणि एकावर थांबावंस. जो ऐकून घ्यायच्या आधीच "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडून उठावं. जो वाईट काय होऊ शकतं ते आधी सांगतो, त्याच्याकडे बसावं. काय काम करणार, काय नाही, ते लिहून घ्यावं. कोऱ्या कागदावर सही नाही, आणि जे इंग्रजीत लिहिलं आहे ते मराठीत कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. वकील परवडत नसेल तर तिथे सरकारी मदतीतून मिळतो, त्यासाठी अर्ज लवकर करावा लागतो. आणि सॅमीकडून तुझी पूर्ण फाइल मागून घे. ती तुझी आहे, त्याची नाही. तुझ्या नावाने त्याने काय काय भरलं आहे ते तुलाही पूर्ण माहीत नसेल.

मी शेवटी विचारलं, "खरं सांगितलं तर ती तिथे राहू शकेल?"

"मला माहीत नाही, सर. कदाचित अर्ज मागे घ्यावा लागेल, कदाचित परत यावं लागेल. पण खोटं पकडलं गेल्यावर बाहेर काढणं वेगळं, आणि स्वतःहून नीट सांगून निघणं वेगळं. पुन्हा कधी जायचं म्हटलं तर तो फरक राहतो. कोणतं दार कसं उघडं ठेवायचं, ते तिथला माणूस सांगेल. मी सांगितलं तर मीही सॅमीच."

मी उठलो तेव्हा तिने ते चांदीपवरचं लाल काट मारलेलं पान वर धरलं. "सुनावणीला बसलेल्या माणसाने हाच मजकूर चांदीपच्या नावाने आधी वाचला असेल तर?" तिने विचारलं. 

गुरुवार

शेवटचा परिच्छेद.

त्यात असं आहे की या शेजाऱ्याच्या सततच्या छळामुळे माझी पत्नी रेजिना हिच्या मनावर परिणाम झाला, तिला झटका आला आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. मी, तिचा पती, हे शपथेवर सांगतो.

हे वाक्य सॅमीने घातलं की तू, ते मी विचारत नाही. मम्मी गेल्यावरच ते लिहिलं गेलं, एवढं नक्की.

त्या सकाळी काय झालं ते मी तुला नीट सांगितलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा "घरीच पडली" म्हणालो. ती बावखलाच्या काठाला पडली. केळीची सुकलेली पानं कापायला गेली होती. मी पुढच्या अंगणात पेपर वाचत होतो, मला काही ऐकू आलं नाही. कृष्णाने त्याच्या बाजूने पाहिलं. त्याच्या काठावरून आपल्याकडे यायचं तर विहिरीला वळसा घालून, फाटक उघडून यावं लागतं. तो वळसा घालून आला नाही. कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि सरळ आला. छातीपर्यंत पाणी होतं, खाली गाळ. त्याची हाक ऐकून मी मागे धावत पोचलो तेव्हा तो तिला उचलून उभा होता, अंगभर शेवाळ, आणि तिला सांगत होता, "रेजिनाबाय, डोले उघडा. मास्तर आले बघा." टेम्पोही त्यानेच काढला. दवाखान्यात नर्सने विचारलं, पेशंटचे कोण? तो म्हणाला, शेजारी. त्याच्या पायातून गाळ फरशीवर उतरत होता, तो ओशाळून बाहेर जाऊन उभा राहिला.

हे लिहिताना हात स्थिर आहे. अक्षर बघ.

परवा मी कृष्णाकडे गेलो. सांगावंच लागेल असं वाटलं. त्याच्या पाठीमागे त्याचं नाव एका देशाच्या फायलीत पडलं आहे आणि मी रोज त्याच्या घरचं जेवतो, हे जमेना. तो ओट्यावर सुकेळी केळीच्या पानात बांधत होता. मी सगळं सांगितलं. शेवटचा परिच्छेद सोडून.

तो बांधत राहिला. मग म्हणाला, "धमक्या दिल्या. पानी तोडलं. अजून?"

"धर्मावरून त्रास दिला."

"एकट्याने?"

"विघ्नेशही आहे त्यात."

"विघ्नेश?" त्याने दोरा दातांनी तोडला. "त्याला कोंबडी धरायला सांगितली तर हा घरात जाऊन बसतो. त्याला कोन घाबरनार?"

आतून जयवंतीने विचारलं, "काय झालं ओ?"

"काय नाय. मास्तर सांगतात, मी मोठा गुंड हाय. कॅनडापर्यंत नाव गेलंय."

"गुंड असते तर उधारीवर विकलेल्या गवताचे पैसे वसूल केले असते लोकांकडून," ती आतूनच म्हणाली.

त्याने आणखी एक पुडकं बांधलं. मग तो म्हणाला, "करा सही, मास्तर. पोरीचं होत असंल तर करा. मला कुठे तिकडे जायचंय?"

मी म्हणालो, "विघ्नेश जातोय ना?"

हे तुला माहीत नसेल. विघ्नेशच्या कंपनीने त्याला तिकडे पाठवायचं ठरवलं आहे, टोरंटोलाच, वर्षभरासाठी. व्हिसा आला, तिकीट आलं, पुढच्या आठवड्यात निघतो. तुझ्या कागदातल्या नावाचा त्याला काही त्रास होईल का, हे मी ज्ञानदाला विचारलं होतं. तिने सांगता येत नाही म्हटलं. मी तेच कृष्णाला सांगितलं.

त्याचे हात थांबले. पण आवाज चढला नाही. "तिला माहीत नव्हतं ना तो जानार ते," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. मग विचारलं, "रेजिनाबायचं काय लिवलंय त्यात?"

मी म्हणालो, "काही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचं पान ओढून बांधायला घेतलं. त्याला कळलं असेल. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि जयवंतीचा डबा काल आला, आजही आला.

सॅमी काल आला होता. सही नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, पोरीचं नुकसान करताय तुम्ही." असेलही. लाल खुणांची ती पानं मी त्याला परत दिली नाहीत. ती ज्ञानदाकडे आहेत. तुझ्या वकिलाने मागितली तर ती पाठवेल. तिचा नंबर मागच्या पानावर आहे. आणि तुझ्या वकिलाला माझ्याकडून काही लिहून हवं असेल तर मी खरं ते लिहून देईन. एन.सी. कशी झाली, रिक्षात कोण बसलं, पाण्यातून कोण आलं. त्याच्याखाली लागेल तितक्या सह्या करीन. त्याने तुझं भलं होईल की वाईट, हे तो वकीलच तुला सांगेल. त्याने सांगेपर्यंत सॅमीचं ऐकू नकोस, आणि माझंही नको.

तू तिथे राहावंस की परत यावंस, हे मला विचारशील. विचारलंस तर आज माझ्याकडे उत्तर नाही. तुझी खोली तशीच आहे. तिथे सध्या सुकेळीच्या टोपल्या ठेवल्या आहेत, त्या हलवता येतील. परत आलीस तर गाव चार दिवस बोलेल. नंतर दुसऱ्या कुणाचं तरी निघेल. बावखलाच्या पलीकडे मात्र तुला एकदा जावं लागेल, आणि मी बरोबर येणार नाही.

हे पत्र कुरियरने पाठवणार होतो. कृष्णा म्हणाला, "कुरियर कशाला? पोरगा जातोच हाय, हातात देईल." मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "घरचं मानूस गेलं पायजे तिच्याकडे."

म्हणून हे पाकीट विघ्नेशच्या बॅगेतून येईल, सुकेळीच्या पुडक्याबरोबर. वरची आपली आहेत, खालची त्यांची. ओळखू येतात का बघ. पाकीट मी चिकटवून देणार आहे. आत काय आहे ते विघ्नेशला माहीत नाही. कृष्णाने सांगितलं नाही, मीही नाही. त्याला वाटतं आहे की तू त्याला बघून खूश होशील, आणि त्या एन.सी.वरून त्याला चिडवशील. त्याने मला तुझा पत्ता दोनदा वाचून दाखवायला लावला, चुकू नये म्हणून.

सांगायचं की नाही, कधी, कसं, ते तू ठरव. पण त्याला दारात उभं ठेवू नकोस. आत घे. आधी पाणी दे.

खाली सही आहे. वरचं सगळं मी स्वतः लिहून, वाचून केली आहे.

ॲन्सेल्म
तुझा पप्पा